उमेदवाराचा जाहीर खर्च खरा आहे का, कसे तपासावे?

प्रश्न: प्रभागातल्या विजयी उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबाची प्रत मिळाली आहे. बेरीज मर्यादेत बसते, पण प्रचार त्याहून बराच मोठा होता. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: बेरीज बाजूला ठेवा, नग मोजा. फलक, पत्रके, गाड्या, सभा यांचे तारखेसह फोटो गोळा करून प्रत्येकासमोर बिल आहे का ते पाहा. बरीच लपवाछपवी फुकट मिळालेल्या गोष्टींत होते. मित्राने दिलेला मंडप किंवा गाडी बहुतेक कायद्यांत देणगीच ठरते आणि बाजारभावाने दाखवावी लागते. मतदानानंतर पैसे भरलेली बिलेही हिशेबातून अनेकदा गायब असतात.

उत्तर २: देणगीदारांची यादी रकमेनुसार लावा. ज्या रकमेपुढे दात्याचे नाव जाहीर करावे लागते तिच्या जरा खाली, एकाच दिवशी, एकाच पत्त्यावरून आलेल्या रकमा दिसल्या तर मूळ दाता वेगळा असू शकतो. हा पुरावा नव्हे, नुसता धागा आहे. बँकेचा उतारा जुळल्याशिवाय आरोप करू नका.

उत्तर ३: तक्रारीची मुदत आजच पाहा, ती फार थोडी असते. हिशेबाची प्रमाणित प्रत जोडा आणि ‘भ्रष्टाचार झाला’ असे मोघम न लिहिता कोणती नोंद, किती फरक, कोणता पुरावा तेवढेच लिहा.