मदत हवी आहे: केमिस्ट्री मास्टर्स, थिसिस सोडून नॉन-थिसिसवर डिग्री घेता येते का?

उत्तररात्र
शुक्रवारपर्यंत ट्रॅक बदलण्याचा फॉर्म द्यायचा आहे, त्यामुळे जाणकारांनी लवकर सांगा. केमिस्ट्रीत मास्टर्स करतोय, थिसिस ट्रॅक (संशोधन करून प्रबंध लिहायचा), ऑरगॅनिक. ३० क्रेडिट पूर्ण आहेत, कोर्सेस सगळे झालेत. अडलंय ते शेवटच्या कंपाऊंडवर. कितीही कॉलम करा (सिलिका भरलेल्या नळीतून सोडून मिश्रण वेगळं करणं), प्युअर मिळत नाही. गाईड म्हणतात आणखी एक सेमिस्टर थांब. थिसिस सोडून नॉन-थिसिसवर गेलो तर याच सेमिस्टरला डिग्री मिळेल का? ज्यांनी असा बदल केलाय त्यांनी प्लीज लिहा.

अनुस्वार
३० क्रेडिट म्हणजे अमेरिकी पद्धतीचं विद्यापीठ दिसतंय. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस (तिथली क्रेडिट) धरतात, म्हणजे दोन वर्षांच्या मास्टर्सला १२०, आणि तिथे बहुतेक ठिकाणी थिसिस त्या बेरजेतच असतो, वगळता येत नाही. तुमचं नक्की कुठलं? आणि ३० मधले रिसर्चचे किती, कोर्सचे किती? हे कळल्याशिवाय कोणीही नीट उत्तर देऊ शकणार नाही.

पाऊलवाट
सरळ सोडा थिसिस. मी औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, नवीन मुलांच्या मुलाखती घेतो. थिसिसचा विषय क्वचितच कोणी विचारतं. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हात बसलाय का, मेथड व्हॅलिडेशन म्हणजे काय, नोंदी कशा ठेवायच्या, हे विचारतात. एक सेमिस्टर वाया घालवण्यापेक्षा नोकरीला लागा.

शुभ्रा_म
पाऊलवाट, तुमच्याकडे नसेल विचारत, पण सगळी केमिस्ट्री म्हणजे क्वालिटी कंट्रोल नव्हे. सिंथेसिसच्या नोकरीला पहिला प्रश्न हाच असतो की स्वतःच्या हाताने किती पायऱ्यांचं काम केलंय आणि अडल्यावर काय केलं. पुढे पीएचडी करायची असेल तर थिसिस सोडून जाणं महागात पडतं, कारण शिफारसपत्र त्याच गाईडकडून घ्यायचं असतं. उत्तररात्र, पीएचडीचा विचार आहे का?

पाऊलवाट
त्यांनी पीएचडीचा प ही काढलेला नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या ना.

उत्तररात्र
पीएचडी आत्ता डोक्यात नाही. हो, अमेरिकी पद्धत. ९ थिसिस रिसर्चचे, १ सेमिनार, बाकी २० कोर्सचे. एकूण ३०. मग हो की नाही?

अनुस्वार
मग बहुधा नाही, निदान या सेमिस्टरला तरी. नॉन-थिसिसलाही सहसा एकूण ३० च लागतात, पण ते भरायचे कोर्सवर्कने. रिसर्चच्या क्रेडिटवर तिथे मर्यादा असते आणि थिसिस या नावाने घेतलेली क्रेडिट अनेक विभाग धरतच नाहीत. तसं असेल तर तुमच्या हातात २१ राहतात, म्हणजे किमान एक भरगच्च सेमिस्टर कोर्सेस. वर कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा किंवा एखाद्या विषयाचा लिटरेचर रिव्ह्यू लिहून कमिटीपुढे मांडणं, यातलं काहीतरी असतंच. तुम्ही जी आडवाट धरायला निघालात, तीही तितकीच लांब आहे.

अजून एक. प्रवेशाच्या वेळी ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल, अ‍ॅनालिटिकलच्या प्लेसमेंट टेस्ट झाल्या असतील. त्यात एखादीत कमी पडून पदवी पातळीचा कोर्स करावा लागला होता का? तो सहसा ३० मध्ये मोजत नाहीत. तुमच्या २० मध्ये तो धरलाय का?

उत्तररात्र
फिजिकलचा केला होता. ३ क्रेडिटचा. पोर्टलवर एकूण बेरजेत दिसतोय.

अनुस्वार
पोर्टल एकूण कमावलेली क्रेडिट दाखवतं. डिग्रीला धरलेली क्रेडिट हा वेगळा हिशेब, तो डिग्री ऑडिटमध्ये दिसतो. आजच काढा. प्रवेश घेतला त्या वर्षीचं नियमपुस्तक उघडून एकेक गट तपासा: मुख्य शाखांचे कोर्स, इलेक्टिव्ह, सेमिनार, रिसर्च. सरासरी बी, म्हणजे ३.० च्या खाली नको. तो फिजिकलचा कोर्स बाहेर गेला तर थिसिस ट्रॅकवरही ३ कमी पडतील, आणि ते डिफेन्सच्या (कमिटीपुढे थिसिस मांडायची तोंडी परीक्षा) आदल्या आठवड्यात कळणं फार वाईट.

तिसराडोळा
चांगला धागा. माझी बायोकेमिस्ट्रीची पदवी आहे, केमिस्ट्री मास्टर्सला घेतात का? जीआरईची केमिस्ट्री विषय परीक्षा द्यावी लागेल का?

शुभ्रा_म
ती विषय परीक्षा २०२३ मध्येच बंद झाली, तिचा अभ्यास करू नका. घेतात, पण फिजिकल केमिस्ट्री कॅल्क्युलससकट झालेली लागते. तिथेच बायोकेमिस्ट्रीवाले अडकतात. वेगळा धागा काढा, इथे सरमिसळ नको.

जुनाजाणता
क्रेडिटचं चालू द्या. मला कंपाऊंडबद्दल विचारायचंय. प्युअर मिळत नाही हे कशावरून ठरवलं? टीएलसीवर (छोट्या सिलिकाच्या प्लेटवर पदार्थ वेगळे करून बघणं) दोन ठिपके, की एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणारा स्पेक्ट्रम) जादा पीक? दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या आहेत.

कंपाऊंड सिलिकावर तुटत असेल तर चौकोनी प्लेटवर टूडी टीएलसी करा. कोपऱ्यात ठिपका, एकदा चालवा, वाळवा, ९० अंशात फिरवून त्याच सॉल्व्हंटमध्ये परत चालवा. सगळे ठिपके कर्णावर आले तर कंपाऊंड टिकतंय. कर्णाबाहेर काही दिसलं तर ते प्लेटवरच तुटतंय, आणि मग शंभर कॉलम केलेत तरी तेच होणार. अशा वेळी न्यूट्रल अ‍ॅल्युमिना, नाहीतर एक टक्का ट्रायएथिलअमाईन घालून सिलिका शांत करून घ्यायची.

उत्तररात्र
विचारलं नव्हतं, पण सांगतो. टीएलसीवर एकच ठिपका आहे. प्रोटॉन एनएमआरमध्ये प्रत्येक पीक दुहेरी येतो, साधारण ६०:४०. मास बरोबर आहे, एचआरएमएस (रेणूचं अचूक वस्तुमान मोजणारी चाचणी) चार दशांश स्थानांपर्यंत जुळतो.

शुभ्रा_म
एचआरएमएस जुळतो मग काम झालंच की! फॉर्म्युला सिद्ध झाला. डिफेन्स मागा.

जुनाजाणता
नाही हो. एचआरएमएस फॉर्म्युला सांगतो, शुद्धता नाही. निम्मा कचरा असला तरी तो आकडा जुळेल, आणि आयसोमर (फॉर्म्युला तोच, रचना वेगळी) असेल तरीही जुळेल. शुद्धतेसाठी एलिमेंटल अ‍ॅनालिसिस (मूलद्रव्यांचं प्रमाण) हिशेबाच्या ०.४ टक्क्यांच्या आत, किंवा एचपीएलसी.

शुभ्रा_म
तो ०.४ चा आग्रह जर्नलसाठी. मास्टर्सच्या थिसिसला कमिटी एवढं ताणत नाही.

जुनाजाणता
ताणावं. थिसिस वाचून पुढचा विद्यार्थी तेच कंपाऊंड बनवणार असतो. पण ते राहू द्या. उत्तररात्र, रेणूत नायट्रोजनवर बॉक (नायट्रोजन झाकणारा संरक्षक गट) आहे का? किंवा टर्शरी अमाईड? सॉल्व्हंट कोणता वापरलात?

उत्तररात्र
पायरोलिडिनच्या नायट्रोजनवर बॉक आहे. सीडीसीएल३ मध्ये, रूम टेंपरेचरला.

जुनाजाणता
मग कॉलम थांबवा. हे बहुधा रोटॅमर्स आहेत, म्हणजे एकाच रेणूच्या दोन ठेवणी. कार्बामेटमधला (नायट्रोजनवर बॉक लागला की होतो तो गट) नायट्रोजन-कार्बन बंध अंशतः दुहेरी असल्याने तो सहज फिरत नाही. दोन ठेवणी एनएमआरला वेगवेगळ्या दिसतात, प्रत्येक पीक दुहेरी होतो. टीएलसीवर एकच ठिपका, मास एकच, हे सगळं जुळतंय. जे मुळात अशुद्ध नाही ते तुम्ही वेगळं करायला बसला आहात. गाईडनी गरम करून स्पेक्ट्रम काढायला सांगितला नाही?

उत्तररात्र
नाही. ते डायास्टेरिओमर (अवकाशातली मांडणी वेगळी असलेले दोन वेगळे पदार्थ) म्हणाले होते आणि मी तेच धरून चाललो. त्यांना काय सांगू? आणि फॉर्मचं काय?

पाऊलवाट
हे बरोबर निघालं तर माझा सल्ला मागे. डिफेन्सच द्या.

अनुस्वार
फॉर्म देऊ नका. परत थिसिसवर येणं प्रत्येक विभागात जमतंच असं नाही. कमिटीच्या दुसऱ्या एका सदस्याला आज ईमेल करा, स्पेक्ट्रम जोडा, आणि डिफेन्सची शेवटची तारीख ग्रॅज्युएट ऑफिसकडून लेखी घ्या. थिसिसची फॉरमॅट तपासणी डिफेन्सच्याही आधी असते, ती चुकवू नका. आणि ऑडिट!

जुनाजाणता
गाईडना काही सांगू नका, स्पेक्ट्रम दाखवा. सीडीसीएल३ ६१ अंशाला उकळतं, त्यात फार गरम करता येणार नाही. डीएमएसओ-डी६ घ्या. आधी रूम टेंपरेचरला काढा, मग ८० अंशांवर, न जुळल्यास १०० पर्यंत. पीक रुंद होऊन एकमेकांत मिसळले तर रोटॅमर. डायास्टेरिओमर असतील तर किती तापवलं तरी दोनच राहतील. शेवटी नळी थंड करून परत एकदा काढा. पीक पुन्हा दुहेरी झाले तर शंका उरत नाही. झाले नाहीत, तर गरम करताना कंपाऊंड तुटलं की काय ते बघायला लागेल. सगळे स्पेक्ट्रम इथे टाका, बघतो.