पतसंस्थेचे एक्सेल मॅक्रो सहा शाखांना एकदम कसे द्यावेत?

खतावणीवाली

नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेत हिशेब बघते, वीसेक वर्षं झाली. मुख्य कचेरी आणि सहा शाखा. प्रोग्रामिंग शिकलेली नाही, पण एक्सेलमध्ये रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोत (म्हणजे एक्सेलने आपोआप करायच्या कामाच्या सूचनांत) खाडाखोड करत करत तीन गोष्टी जमल्यात: वसुलीची यादी आडनावाप्रमाणे लावणं, रिकाम्या ओळी उडवणं, आणि व्हाउचरवर रक्कम अक्षरी लिहिणारं फंक्शन. ४,३७,५८९ टाकलं की ‘चार लाख सदतीस हजार पाचशे एकोणनव्वद’. त्याचं मला भारी कौतुक, कारण इंग्रजीत विसानंतर दशक-एकक जोडून भागतं, आपल्याकडे नव्याण्णवच्या नव्याण्णव शब्द बसून टाइप करावे लागले. तेही व्हीबीएच्या, म्हणजे मॅक्रो लिहायच्या, खिडकीत नाही, तिथे देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हांची रांग लागते. म्हणून शब्द एका शीटवर आहेत, पहिल्या ओळीत एक, दुसऱ्या ओळीत दोन. फंक्शन तिथून उचलतं.

अडचण अशी की हे सगळं एका फाइलीत आहे. फाइल सहा शाखांना जाते, म्हणजे मॅक्रोही सहा ठिकाणी. मी ‘एकोणऐंशी’ची चूक सुधारून दोन महिने झाले, एक शाखा अजून ‘एकोणएंशी’च छापतेय. पर्सनल वर्कबुकमध्ये (आपल्याच मशीनवर एक्सेलबरोबर उघडणाऱ्या फाइलीत) टाकून पाहिलं. माझ्या मशीनवर चाललं, शाखेत ‘#नेम?’, म्हणजे फंक्शन सापडतच नाही. अ‍ॅड-इन करा म्हणतात. ते कसं, आणि शब्दांच्या शीटचं काय होणार?

एफ२_दाबा

ताई, शीटची काळजी नको. अ‍ॅड-इन म्हणजेही वर्कबुकच, म्हणजे एक्सेलची फाइलच, फक्त त्याची शीटं दिसत नाहीत. फंक्शनमध्ये शब्द ‘धिसवर्कबुक’मधून उचला. ज्या फाइलीत कोड आहे ती धिसवर्कबुक, म्हणजे तुमचं अ‍ॅड-इन.

फाइल ‘सेव्ह अ‍ॅज’ करून प्रकार ‘एक्सेल अ‍ॅड-इन’ निवडा, शेवटी .एक्सएलएएम लागेल. इथेच बहुतेक जण फसतात. प्रकार निवडल्यावर एक्सेल स्वतःहून तुम्हाला वापरकर्त्याच्या नावाखालच्या अ‍ॅड-इन्स फोल्डरात नेतं. प्रत्येक शाखेत ते नाव वेगळं, म्हणून रस्ता वेगळा. मग एका शाखेची फाइल दुसरीकडे उघडली की फॉर्म्युल्यात फंक्शनच्या नावाआधी अख्खा लांबलचक पत्ता चिकटतो आणि पुन्हा ‘#नेम?’. त्यापेक्षा सातही मशीनवर सी ड्राइव्हवर एकाच नावाचा फोल्डर करा आणि फाइल तिथे ठेवा. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली ‘गो’, मग ‘ब्राउझ’. झालं.

मेलने पाठवलेली फाइल विंडोज ‘इंटरनेटवरून आलेली’ असा शिक्का मारून ठेवतं. मग अ‍ॅड-इनला टिक असते, पण आतलं काही चालत नाही आणि कारणही धड कळत नाही. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ करा, किंवा तो फोल्डर ट्रस्ट सेंटरमध्ये ‘ट्रस्टेड लोकेशन’ म्हणून घाला. पुढच्या वेळी नवी फाइल जुनीवर टाकायची, एक्सेल बंद असताना.

ऑल्ट एफ ८ च्या यादीत मॅक्रो दिसणार नाहीत, घाबरू नका. नाव टाइप केलं की चालतात.

खतावणीवाली

नाव टाइप करायला शाखेतली पोरं तयार नाहीत, त्यांना बटण हवं!

एफ२_दाबा

व्हीबीएत त्या अ‍ॅड-इनच्या धिसवर्कबुकवर उभं राहून एफ ४ दाबा, ‘इजअ‍ॅडइन’ फॉल्स करा. आता ते साध्या फाइलीसारखं दिसेल. क्विक अ‍ॅक्सेस टूलबारमध्ये मॅक्रो चढवा आणि परत ट्रू करून सेव्ह करा. हे प्रत्येक मशीनवर एकदा करावं लागेल. रिबनवर स्वतःचा टॅब हवा तर एक्सएमएल लिहावं लागतं, ते तीन मॅक्रोंसाठी नको.

खतावणीवाली

आठवडा झाला. पाच शाखा मजेत. सहाव्या शाखेत भूत आहे. गणपतीच्या वर्गणीचं १०१ रुपयांचं व्हाउचर निघालं, त्यावर छापलं ‘अकराशे अकरा रुपये फक्त’. शाखाधिकाऱ्यांनी सही करण्याआधी पाहिलं म्हणून बरं. आता ते मला फोनवर ‘अकराशे अकरा’ म्हणूनच हाक मारतात. फाइल तपासली तर सगळं बरोबर. एक्सेल बंद करून उघडलं की पुन्हा ‘एकशे एक’. सकाळी नीट, दुपारी चूक.

ताळेबंद_जुळला

दुपारी तिथे कुणी यादी लावायचं बटण दाबतं का? आणि यादी लागते का?

खतावणीवाली

विचारलं. क्लार्क म्हणतो, दाबतो, काहीच होत नाही, म्हणून तीन-चारदा दाबतो.

ताळेबंद_जुळला

सापडलं. यादी लावणाऱ्या मॅक्रोतही धिसवर्कबुक आहे. जुन्या फाइलीत ते बरोबर होतं, कारण कोड आणि यादी एकाच ठिकाणी. आता तो मॅक्रो वसुलीची यादी सोडून अ‍ॅड-इनमधली तुमची शब्दांची शीट अकारविल्हे लावतोय. पहिल्या ओळीत ‘एक’च्या जागी ‘अकरा’ आला, म्हणून एक म्हटलं की अकरा. अ‍ॅड-इनमधला बदल सेव्ह करायचा का हे एक्सेल बंद होताना विचारतही नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं जागच्या जागी.

शब्द उचलायला धिसवर्कबुक राहू दे. समोरच्या फाइलीवर काम करणाऱ्या दोन्ही मॅक्रोंत ‘अ‍ॅक्टिव्हवर्कबुक’ करा. रिकाम्या ओळी उडवणाराही बघा, तो अजून गप्प आहे इतकंच. आणि मॅक्रो चालवल्यावर कंट्रोल झेड चालत नाही हे त्या क्लार्कला सांगून ठेवा. आता बटण खरंच काम करणार आहे.

खतावणीवाली

त्याच मशीनवर एफ ४ करून शीट बघितली. अकरा, अठरा, खाली सगळे ‘अठ्ठा’वाले ओळीने उभे. हसू की रडू.

दोन्हीकडे बदल केला, नवी फाइल सातही मशीनवर टाकली. बाकीच्या पाच शाखांना फोन केला, तिथे बटण कुणी दाबलंच नव्हतं. यादी अजून हातानेच लावतात.

ताळेबंद_जुळला

ऑडिटरला व्हाउचर पाठवाल तेव्हा पीडीएफ करून पाठवा. त्यांच्याकडे तुमचं अ‍ॅड-इन नाही.