फुल्चीच्या झोंबीला आंघोळ घालून काय मिळवलं?

रातकिडा
काल 'माळ्यावरची कॅसेट' यांनी लिहिलं: "जुने इटालियन भयपट 4के डिस्कवर बघणं म्हणजे मिसळ काट्या-चमच्याने खाणं. त्यांची भीती त्या खरखरीत, फिकट व्हीएचएसमध्येच होती. रंग उजळले आणि जीव गेला. वर चार-पाच हजार मोजायचे." दोनदा वाचलं, तरी डोकं शांत होईना. म्हणून सविस्तर.

अहो, तुम्ही कॅसेटवर लुचिओ फुल्चीचा 1979 चा 'झोंबी 2' पाहिलाच नाही, त्याचा मधला तुकडा पाहिलात. टेक्निस्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीची ती आडवी चौकट टीव्हीत बसवायला दोन्ही बाजू छाटलेल्या. पाण्याखालच्या झटापटीत एक तर शार्कचं तोंड दिसतं, नाहीतर झोंबीचा हात. झोंबी झालेला रामोन ब्राव्हो खऱ्या शार्कच्या अंगाशी झोंबतोय हो, आणि तुमच्या वाट्याला आलं हिरवट धुकं.

आणि भीती खरखरीतून येत नाही, जान्नेत्तो दे रोस्सीच्या मेकअपमधून येते. कबरीतून उठणाऱ्या त्या प्रेताच्या चेहऱ्यावरची माती डिस्कवर पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेली दिसते. डोळ्याच्या खोबणीत जे लोंबतंय ते दोरे नाहीत, गांडुळं आहेत, हेसुद्धा मला डिस्कवरच कळलं. दारिओ आर्जेन्तोच्या 'सस्पिरिया'बद्दल तर बोलायलाच नको. त्याचा कॅमेरामन तोव्होलीने मखमल आणि टिश्यूपेपरच्या चौकटींमागून दिवे मारून एकेक रंग उभा केला, आणि कॅसेटवर तो लाल रंग नुसता ओघळतो. ब्रिटनमध्ये 1984 च्या व्हिडिओ कायद्याआधीपासून या सिनेमांच्या कॅसेटी पोलीस दुकानांतून उचलत होते. सरकारी वकिलांच्या यादीत 72 सिनेमे गाजले, त्यांत फुल्ची होताच. नंतर वर्षानुवर्षं कापलेल्या आवृत्त्या. आता कुठे अख्खे बघायला मिळताहेत, तर तुम्हाला खरखर हवीय!

माळ्यावरची कॅसेट
व्याख्यान झालं? आता माझं ऐका. ऐंशीच्या दशकाचा शेवट, सांगली, गणपतीच्या दिवसांत भाड्याने आणलेला व्हीसीआर. लेबलवर बॉलपेनने 'इंग्लिश भूत' लिहिलेलं, आत हाच 'झोंबी 2'. ती बाई दाराशी, फळीचा टोकदार तुकडा डोळ्याच्या दिशेने सरकतोय, सरकतोय, आणि नेमकं तिथे ट्रॅकिंग गेलं. पडद्यावर नुसते पट्टे आणि किंकाळी. माझा मावसभाऊ आजही दाराच्या फटीला डोळा लावत नाही.

परवा तोच सीन एका मित्राकडे तुमच्या त्या डिस्कवर पाहिला. मला रबराचं डोकं दिसलं. जोड कुठे आहे तेसुद्धा दिसलं. हे दाखवायला पाच हजार?

प्रिंटर लाइट
मी अंधेरीत ग्रेडिंग, म्हणजे सिनेमाचे रंग जुळवायचं काम करतो, म्हणून मध्ये पडतोय. तुम्ही दोघं भांडताय, पण 1979 साली थिएटरात जे दिसलं ते तुमच्यापैकी कुणाकडेच नाही. निगेटिव्ह थेट स्कॅन केलं की जे दिसतं, ते त्या वेळच्या कुठल्याच प्रेक्षकाने पाहिलं नाही. टेक्निस्कोपची दोन पर्फोरेशनची (फिल्मच्या कडेच्या छिद्रांची) चौकट ऑप्टिकल प्रिंटरवर ताणून चारची करायची, मग ड्यूप म्हणजे निगेटिव्हची नक्कल, मग प्रिंट. एवढ्या पायऱ्यांत रबराचा जोड बुजणार, हे मेकअपवाल्याला पक्कं ठाऊक असायचं. त्यामुळे कॅसेटवाल्यांचं म्हणणं पूर्ण खुळचट नाही. कारण मात्र चुकीचं देताहेत.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. एकेका रिस्टोरेशनला काविळ झाल्यासारखा पिवळा हात मारलेला असतो. पांढरा शर्ट पांढरा राहत नाही. वर ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणेदारपणा, पुसायचा हट्ट. अर्ध्या निगेटिव्हवर चित्रीकरण केलंय, ग्रेन दिसणारच ना बाबा! तो पुसला की माणसांच्या कातडीची रंध्रंच जातात.

एडिसनकर
तुमचं रंगांचं चालू द्या. मी इथून, अमेरिकेतून, भावाला ब्लू-रे डिस्क पाठवते. प्रत्येक भागाचं कुलूप वेगळं, त्याला रीजन म्हणतात: इथल्या रीजन ए, ब्रिटनच्या बी, भारत सी. त्याच्या प्लेयरवर 'डिस्क चालणार नाही' एवढंच येतं. पार्सलवर ड्युटी भरून हे ऐकायचं. आणि आपल्या रामसेंच्या 'पुराना मंदिर'ची नीटशी डीव्हीडी काढली कुणी, तर परदेशातल्या मोंडो मकाब्रो या कंपनीने. आपण फक्त टीव्हीवर पाहून हसत बसलो.

शुद्ध इटालियन
रंग, रीजन सगळं नंतर. आधी तो इंग्रजी डब बंद करा. इटालियन सिनेमा मूळ भाषेत, सबटायटल लावून बघायचा असतो. डब म्हणजे फालतूपणा.

रातकिडा
कुठली मूळ भाषा? सेटवर आवाज वापरण्यासाठी घेतच नव्हते. जो तो आपापल्या भाषेत बोलायचा, नंतर सगळ्यांचंच डबिंग, इटालियनसुद्धा. फुल्चीच्याच 'द बियाँड'मध्ये कॅट्रिओना मॅकॉल आणि डेव्हिड वॉरबेकचे ओठ बघा, इंग्रजीच बोलताहेत. तुमचा शुद्ध ट्रॅक त्यांच्या तोंडावर चिकटवलेला आहे.

शुद्ध इटालियन
मग फुल्चीच्या 'हाऊस बाय द सेमेट्री'मधल्या त्या लहानग्या बॉबचा आवाज तुम्हाला चालतो? मोठ्या माणसाने नाक दाबून लहान मुलाची नक्कल केल्यासारखा? पाच मिनिटांत वाटतं, तळघरातल्या त्या डॉक्टरने याला आधी न्यावं.

माइकसमोर
"डब म्हणजे फालतूपणा" हे वाचून लॉगिन केलं. मी मुंबईत डबिंग करते, कित्येक वर्षं कार्टूनमधल्या लहान मुलांचे आवाज देतेय. तुमची मुलं जो गोंडस आवाज ऐकत जेवतात तो बहुतेक वेळा एखाद्या चाळिशीतल्या बाईचाच असतो. बॉबचा आवाज वाईट आहे, शंभर टक्के. पण का वाईट? लूप (सीनचा छोटा तुकडा) समोर, ओठ मिळाले की टेक ओके, पुढचा लूप. तो पोरगा घाबरलाय की हट्ट करतोय, हे सांगायला कुणी उभं नसलं की असंच होतं. हे मी भोगलंय. एका स्टुडिओत मला अख्खं बाळाचं रडणं एका दमात द्यायला लावलं, चित्र न दाखवता. रोममध्ये राहणारे इंग्रजी नट असली कामं करायचे. ते होते म्हणून हे सिनेमे इटलीबाहेर विकले गेले. घरबसल्या फालतू म्हणायला काय जातं!

शुद्ध इटालियन
ताई, व्यक्तिगत घेऊ नका. मी सिनेमाबद्दल बोलतोय.

माइकसमोर
मीही सिनेमाबद्दलच बोलतेय. आर्जेन्तोच्या 'प्रोफोंदो रोस्सो'ची लांब आवृत्ती लावा. इंग्रजी आवाज परदेशी पाठवलेल्या छोट्या आवृत्तीपुरताच आहे, म्हणून त्यातला नायक हेमिंग्ज इंग्रजी बोलता बोलता मध्येच इटालियन बोलायला लागतो. तिथे कळतं डबिंगवाल्यांनी काय धरून ठेवलं होतं.

कोकणी कासव
ग्रेन, ओठ, रीजन, सगळं झालं. 'कॅनिबल होलोकॉस्ट'मध्ये कासव खरंखुरं मारलंय, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. दिग्दर्शक देओदातोला कोर्टात नट जिवंत आहेत हे दाखवावं लागलं. कासव कुठून दाखवणार? आणि तुम्ही त्याची डिस्क शोकेसमध्ये लावता.

रातकिडा
ते सीन वगळून बघायची सोय असलेली डिस्क निघालीय.

कोकणी कासव
वा! म्हणजे रिमोटचं बटण दाबलं की पाप फिटलं.

रातकिडा
यावर माझ्याकडे उत्तर नाही. ती डिस्क शोकेसमध्ये आहे, हेही खरं.

माळ्यावरची कॅसेट
प्रिंटर लाइटसाहेब, तुम्ही म्हणता तशी त्या वेळची एखादी प्रिंट, ओरखड्यांसकट, कुणी जशीच्या तशी स्कॅन करून विकली तर मी घेईन. अगदी पाच हजारांना. झालं समाधान? शार्कबद्दल मात्र रातकिड्यांचं बरोबर असावं. असावं म्हटलंय.

शुद्ध इटालियन
ठीक आहे, 'द बियाँड' इंग्रजीत बघेन. पण बॉबवाला सिनेमा मी इटालियनमध्येच बघणार, कुणी काहीही म्हणो.

माइकसमोर
त्यावर तुमच्याशी इथे कुणीच भांडत नाहीये हो.