ऑनलाइन दुकानाला ओळखीबाहेरचे पहिले ग्राहक कसे मिळवावेत?

नौपाडाकर (प्रश्न)
नमस्कार. मी आणि माझ्या सासूबाई ठाण्यात नौपाड्यातील घरी भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला तयार करतो. तीन महिन्यांपूर्वी आम्ही स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले. परंतु आजवरच्या ११ ऑर्डरींपैकी ९ नातेवाइकांच्याच आहेत. इन्स्टाग्रामवरील जाहिरातींवर चार हजार रुपये खर्च केले. त्यामुळे माणसे दुकानापर्यंत येतात, वस्तू कार्टमध्येही टाकतात, पण पैसे भरण्याच्या पानावरून परत जातात. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

घोडबंदरवासी
वस्तू कार्टमध्ये पडते, म्हणजे ती आवडलेली असते. ग्राहक अडतो तो बहुधा कुरिअरच्या खर्चापाशी. पाव किलो मेतकुटासाठी त्याच्या किमतीच्या निम्मा खर्च पाठवणीवर करायला अनोळखी माणूस सहसा तयार होत नाही. त्यामुळे भारतभर विक्रीचा विचार तूर्त बाजूला ठेवून आपल्या जवळच्या ४००६०१ आणि ४००६०२ या दोनच पिनकोडमध्ये स्वतः घरपोच द्यावे, असे मला मनापासून वाटते. माझे सुती पिशव्यांचे दुकान सुरू झाले, तेव्हा एका गृहसंकुलाच्या कार्यकारिणीची परवानगी घेऊन मी रविवारी सकाळी प्रवेशद्वाराजवळ टेबल मांडले होते. त्या दिवशी विक्री बेताचीच झाली. मात्र पुढच्या महिन्यातील बहुतेक ऑर्डरी त्याच इमारतींमधून आल्या, कारण पिशवी शेजारणीच्या हातात दिसत होती.

वाशीकर
याच्याशी सहमत आहे. तरी संकेतस्थळाकडेही पाहावे. खाण्याची वस्तू कोणी, कुठे आणि केव्हा बनवली, हे नवा ग्राहक आधी शोधतो. घरगुती व्यवसायालाही अन्न सुरक्षा नोंदणी लागते. तिचा १४ अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, किंमत आणि आपला दूरध्वनी क्रमांक प्रत्येक वस्तूच्या पानावर ठळक असावा. तोपर्यंत जाहिराती थांबवाव्यात.

नौपाडाकर
आपल्या दोघांचेही आभार. कुरिअरचा खर्च आमच्याकडे अगदी शेवटच्या पानावर दिसतो, हे मला आजवर खटकलेच नव्हते. तो आज रात्रीच वस्तूच्या पानावर घेते. टेबल मांडायचे ठरवले, तर भाजणीची चव कशी द्यावी?

घोडबंदरवासी
कोरडे पीठ पाहून चव कळत नाही. घरून थालीपिठे लावून न्यावीत आणि लहान तुकडे करून लोण्याबरोबर द्यावीत. मेतकुटासाठी मऊ भाताचा डबा पुरेल. दिवाळीच्या आधीचा रविवार मिळाला, तर चकलीची भाजणी अवश्य सोबत ठेवावी.