मदत हवी आहे: व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बदनामीचा पुरावा इंदूरच्या कोर्टात

नमस्कार मंडळी, इंदूरमधल्या एका सोसायटीच्या खजिनदार ताईंबद्दल २१० जणांच्या ग्रुपवर मराठीत मजकूर आला: 'देखभालीचे पैसे खाल्ले.' पुढे त्यांच्या संसाराबद्दलही घाणेरडं वाक्य. मजकूर टाकणाऱ्याचं म्हणणं, पद घेतलं की माणूस सार्वजनिक होतो, मग त्याच्यावर टीका चालते. मला हे पटत नाही. सुप्रीम कोर्टाच्या राजगोपाल खटल्यातली (१९९४) सवलत सरकारी पदावरच्या माणसाच्या कामकाजावरील टीकेपुरती आहे. पैशांच्या वाक्यावर तो सत्य आणि लोकहिताचा बचाव घेईल, पण संसाराच्या वाक्याला लोकहित कुठून आणणार?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ (बदनामी) खाली तक्रार थेट मॅजिस्ट्रेटकडे करायची आहे. भरपाईचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात लावावा लागतो, आणि त्यातले आठ महिने गेलेत.

अडलंय ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्रावर. भाग 'अ' ताई भरतील, पण भाग 'ब' वर तज्ज्ञाची सही आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) लागते. नुसते स्क्रीनशॉट लावले तर समोरचा वकील पहिल्यांदा तिथेच बोट ठेवेल. मूळ चॅट ज्या फोनवर आहे, तो फॉरमॅट करू नका असं बजावलंय.

इथल्या जिल्हा कोर्टात भाग 'ब' वर खासगी सायबर तज्ज्ञाची सही चालते का? मराठी मजकुराचं हिंदी भाषांतर कोणाकडून प्रमाणित करून घेता? अलीकडे अशी तक्रार दाखल केलेल्यांनी कृपया लिहा.