गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणी शिबिरात किती जणी आल्या ते मोजायचं, की किती जणींवर उपचार झाले ते?

चेंबूरची_सेविका:
टाटा मेमोरियलने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांत एक अभ्यास सुरू केला. प्रशिक्षण घेतलेल्या सेविका गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून, मिनिटभर थांबून, शंकेचा पांढरा डाग उमटतो का ते बघायच्या. दीड लाख बायकांच्या या अभ्यासात, तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले.

तीच तपासणी आमच्या शिबिरांत होते, पण यश ठरतं ते 'किती तपासल्या' यावर. एकीच्या तपासणीत डाग दिसला, पुढच्या तपासणीसाठी हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. ती बाई तिथे पोचली तेव्हा केसपेपरची खिडकी बंद झाली होती. पुन्हा जायचं तर कामावर खाडा. चार महिन्यांनी भेटली, तर चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच घडी घातलेली. रजिस्टरात तिच्यापुढे 'तपासणी पूर्ण'. याला यश कसं म्हणायचं?

परळचा_डॉक्टर:
ताई, तुमची कळकळ पोचली, मुद्दा पटला नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती. आधी त्या येऊ तर देत. शिवाय उपचाराचं टार्गेट सेविकेच्या डोक्यावर बसलं, की शंकेचा डाग 'नॉर्मल' लिहायचा मोह होतो. मग त्या बाईकडे परत कुणीच जात नाही.

आकडेमोड:
डॉक्टर, उत्तर प्रदेशात बाळंतपणाच्या चेकलिस्टचा मोठा प्रयोग झाला, निकाल २०१७ला आला. दीड लाखांवर बाळंतपणं. कामं जास्त नीट होऊ लागली, पण आई-बाळांचे मृत्यू घटले नाहीत. नुसती कामं मोजली असती तर आपण खूश होऊन बसलो असतो.

परळचा_डॉक्टर:
हा दाखला ताईंच्याही विरुद्ध जातो. 'उपचार झाला' हीसुद्धा पायरीच. आणि मृत्यूच मोजायचे तर टाटाच्या अभ्यासासारखी बारा वर्षं थांबावं लागेल.

चेंबूरची_सेविका:
पायरीच, पण शेवटची. तपासून कुणी बरं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३०चं उद्दिष्ट ९०-७०-९० आहे: ९० टक्के मुलींना या कॅन्सरविरोधी लस, ७० टक्के बायकांची तपासणी, आणि रोग सापडलेल्यांपैकी ९० टक्के जणींवर उपचार. आपण मधला आकडा धरून बसलोय. टार्गेट सेविकेवर नकोच, 'उपचार झाला' हा रकाना हॉस्पिटलने भरावा.

परळचा_डॉक्टर:
मग माझा निम्मा विरोध संपला. पण आमच्या ओपीडीत चिठ्ठी केसपेपरला टाचतात आणि ती तिथेच राहते. त्या बाईचा शिबिरातला नंबर आमच्याकडे कुठेच चढत नाही. तो चढवणार कोण?

चेंबूरची_सेविका:
चिठ्ठीवर नंबर मी लाल पेनाने मोठा लिहून देते. खिडकीवर तेवढं सांगून ठेवाल का? त्या बाईला सोमवारी मीच घेऊन येतेय, आठच्या आत.