येत्या आठवड्यातील थंडी: जिल्ह्याचा आकडा धरावा की बागेतील?

कादवाकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. निफाड तालुक्यात कादवा नदीच्या काठाजवळ माझी अडीच एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. छाटणीला ९२ दिवस झाले असून मण्यांत नुकतेच पाणी उतरू लागले आहे, म्हणजे ते मऊ होऊन पिकू लागले आहेत. हवामान विभागाच्या अंदाजानुसार पुढील दोन-तीन दिवसांत उत्तर महाराष्ट्रातील किमान तापमान ३ ते ४ अंशांनी घसरेल, नंतर ते हळूहळू वाढेल आणि आठवड्याच्या शेवटी आकाश अंशतः ढगाळ राहील.

माझी अडचण अशी आहे की, काल पहाटे नाशिकचे किमान तापमान ९.४ अंश असल्याचे वाचले, पण माझ्या मांडवाखालील तापमापक त्याच वेळी ६ अंश दाखवत होता. अंदाजातील घसरण नेमकी कोणत्या आकड्यातून वजा करावी? शिवाय 'थंडीची लाट' असा इशारा अद्याप दिलेला नाही, त्यामुळे निर्धास्त राहावे काय? दोन वर्षांपूर्वी अशाच आठवड्यात थंडी ओसरली असे समजून मी एकदम चार तास ठिबक चालवले आणि बरेच घड तडकले, म्हणून या वेळी आधीच विचारत आहे.

ढगवाचक, पुणे

दादा, घसरण आपल्या आकड्यातूनच वजा करा. हवामान केंद्रातील तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत असतो. आपला तापमापक उघडा असेल, तर तो स्वतःच आकाशाकडे उष्णता टाकत राहतो आणि हवेपेक्षा थोडे कमी तापमान दाखवतो. तरीही या फरकाचे मोठे कारण आपली जमीन हेच असावे. निरभ्र, कोरड्या आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराने सखल भागाकडे सरकते. गोदावरी-कादवेच्या खोलगट पट्ट्यात ती पहाटेपर्यंत साचून राहते, त्यामुळे निफाडचा पारा नाशिक शहराच्या खाली असणे ही नित्याची गोष्ट आहे.

इशाऱ्याबाबत सांगायचे तर, सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असावे लागते आणि शिवाय ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असावे लागते, तेव्हा थंडीची लाट मानली जाते. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला, तर सरासरी न पाहताही लाट धरतात. जिथे सरासरीच १० अंशांच्या आसपास आहे, तिथे पारा साडेपाचपर्यंत उतरल्याशिवाय ही व्याख्या लागू होत नाही. थोडक्यात, ही व्याख्या आपल्या मण्यांसाठी केलेली नाही.

आकड्यापेक्षा वाऱ्याची दिशा पाहण्याची सवय लावावी, असे मला वाटते. भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी झंझावात (वर्तमानपत्रांतला 'पश्चिमी विक्षोभ') हिमालयात बर्फ टाकून पूर्वेकडे सरकला की त्याच्या मागून कोरडे उत्तरेचे वारे राजस्थान आणि मध्य प्रदेशावरून खाली येतात, तेव्हा आपल्याकडे पारा उतरतो. पुढचा झंझावात जवळ आला की वारे फिरतात, बाष्प येते, रात्री ढग पांघरुणासारखे काम करतात आणि किमान तापमान चढते. आपण सांगितलेल्या अंदाजात या दोन्ही गोष्टी एकामागून एक आहेत: आधी कोरडी थंडी, मग ढग. किती अंश हे चुकू शकते, पण हा क्रम सहसा चुकत नाही.

केळीपट्टा, रावेर

वरील उत्तराला एक पुरवणी. उत्तरेचा वारा आमच्याकडे तुमच्या आधी पोहोचतो. काल दुपारपासून तो सातपुड्याकडून सुटला आहे आणि आज पहाटे केळीच्या पोग्यावर (न उलगडलेल्या कोवळ्या पानावर) हात ठेवला तर बर्फासारखा लागत होता. बागेला चरका बसण्याची (थंडीने पाने करपण्याची) भीती असल्यामुळे आम्ही उत्तरेकडील कडेला शेडनेट बांधून घेतले. तुम्ही उद्याची पहाट जपावी.

जुना बागाईतदार, पिंपळगाव

भाऊ, मणी तडकतो तो केवळ थंडीने नव्हे. पाणी उतरताना साल मऊ पडलेली असते आणि थंड रात्री पानांतून पाणी जवळजवळ उडत नाही. मुळांशी पाणी भरपूर असेल, तर ते मण्यात चढते आणि साल फाटते. म्हणून वाफसा (मुळांना ओल आणि हवा दोन्ही मिळतील अशी जमिनीची स्थिती) मोडू न देता रोज थोडे-थोडे पाणी द्यावे. या दोन-तीन दिवसांत पहाटे चारच्या सुमारास अर्धा तास ठिबक चालवा. विहिरीचे पाणी त्या वेळी हाताला कोमट लागते आणि ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा ऊबही जास्त धरते.

शेकोट्यांबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. लोक ओला पाला टाकून नुसता धूर करतात, पण धुराने उष्णता फारशी अडत नाही. जी ऊब मिळते ती जाळाची असते, त्यामुळे एका कोपऱ्यात मोठा ढीग पेटवण्यापेक्षा बांधावर लहान-लहान जाळ अनेक ठिकाणी करावेत. पिंक बेरी (थंडीत हिरवे मणी गुलाबी पडणे) टाळण्यासाठी घडांना पेपर लावण्याची खरी वेळ पाणी उतरण्यापूर्वीची असते. जे घड उघडे राहिले असतील, त्यांना आजच लावून घ्या.

आठवड्याच्या शेवटी ढग येतील तेव्हा पारा चढला म्हणून लोक सुस्तावतात, नेमकी तेव्हा भुरी (पांढरट बुरशीचा रोग) घडाच्या देठाकडून सुरू होते. दाट कॅनॉपीतले (पानांच्या छत्रातले) दोन-चार घड उलटे करून रोज पाहा. फवारणीची गरज वाटलीच, तर काढणीपर्यंतचे दिवस मोजून आणि निर्यातीचा माल असल्यास परवानगी असलेलेच औषध निवडा.

कादवाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. काका, पहाटे चारला ठिबक सुरू केले. रावेरच्या भाऊंचे म्हणणे खरे ठरले, कारण साडेसहा वाजता मांडवाखाली ३.८ अंश होते आणि वारा पूर्ण पडला होता. तापमापक आता पुठ्ठ्याच्या छपराखाली टांगला आहे. ५० घड तपासले, त्यांपैकी दोनच तडकलेले आढळले, आणि दोन्ही नदीकडच्या शेवटच्या ओळीतले. आज रात्री त्या बाजूला जाळ एकमेकांच्या जवळ करतो.